आमच्या रिसोडच्या इंदूताई

इंदूताईंचे किस्से मी मुद्दाम गोळा केले नाहीत. घरात कापडी पिशव्या साठतात ना, तसे ते साठले. एक ओढावी तर आतून चार निघतात! पस्तीस वर्षं मी त्यांच्या नाटकांचा प्रॉम्प्टर. विंगेत वही घेऊन बसायचं आणि नट अडखळला की हळूच वाक्य द्यायचं. लोकांना मी कधी दिसलो नाही, पण मला सगळं दिसलं.

*

ताईंचं पहिलं नाटक राजा-राणीचं. भाषा एकदम भारदस्त. राजा झालेले गुरुजी ऐन दरबारात वाक्य विसरले. घामाघूम! मी वाक्य देतोय, पण त्यांच्या कानात जाईल तर शपथ.

राणी झालेल्या ताई शेवटी म्हणाल्या, "महाराज, काहून गुमसुम बसले जी?"

राजा कळवळून म्हणाला, "भाषण आठवून राह्यलो, राणीसाहेब!"

*

पन्नाशीत ताईंना मुंबईहून सिरियलचं बोलावणं आलं. ऑडिशनला एक तरुण दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, तुमची भाषा जरा शुद्ध करावी लागेल."

ताई म्हणाल्या, "शुद्ध तर आता तूपही भेटत नाही, बाप्पा. तुमी रोल सांगा."

खाष्ट सासूचा रोल मिळाला आणि सिरियल घराघरात पोचली.

*

त्या सासूनं ताईंना फार छळलं. मानोऱ्याच्या बाजारात एकदा त्यांनी मेथी मागितली. भाजीवाल्या आजीनं वर पाहिलं आणि जुडी मागे ओढली.

"तुले नाही देत! सुनेले उपाशी ठेवतं, अन् स्वतःले मेथी पाह्यजे?"

मी मध्ये पडलो. "मावशी, ते सगळं खोटं असते."

"तू चूप राय!"

ताईंनी हात जोडले. "चुकलं, माय. आज तिच्यासाठीच नेऊन राह्यली."

आजी विरघळली. दोन जुड्या दिल्या आणि बोट उगारून म्हणाली, "एक तिची! संध्याकाळी टीव्हीवर पाहीन बरं मी!"

*

पोहरादेवीच्या यात्रेतला भरदुपारचा प्रयोग. शेवटच्या सीनला आई झालेल्या ताई मेल्या. मुलगा झालेला नट धाय मोकलून रडू लागला. तेवढ्यात गर्दीतून एक बाई भरलेला लोटा घेऊन थेट स्टेजवर!

"रडतं कायले? पाणी पाज ना तिले!"

मेलेल्या ताई उठल्या, घटाघटा पाणी प्यायल्या, बाईच्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा मेल्या.

मी नंतर विचारलं, "ताई, मेल्यावर पाणी?"

"अरे, एवढ्या गर्दीतून थेंब न सांडता आली ते. तिले भरल्या लोट्यानं वापस धाडू का?"

*

आता हा शेवटचा. ताई बहात्तरच्या होत्या. वाशिमला रविवारचा प्रयोग, हॉल भरलेला. दुसऱ्या अंकात ताई बोलता बोलता थांबल्या. मला वाटलं, पॉज घेतायत. पण नाही. मी वाक्य दिलं. पुन्हा दिलं. पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं दिलं. ताईंचे डोळे कोरे. पस्तीस वर्षांत त्यांना वाक्य द्यायची माझी ही पहिलीच वेळ.

आणि ताई चालत विंगेपाशी आल्या, माझं मनगट धरलं आणि मला उजेडात ओढलं!

"हा आमचा गजू. शेजारीच राह्यते. सांग रे गजू, मी काय म्हणून राह्यली होती?"

समोर आठशे डोळे. मी कसंबसं वाक्य वाचलं.

"हां! हेच म्हणत होती मी," म्हणत ताईंनी पुढचं नाटक घडाघडा म्हटलं. टाळ्याच टाळ्या! मी मात्र तिथेच उभा. एक्झिट कुठून घ्यायची ते कळेना.

आठवडाभर ताई वही घेऊन बसल्या. पुढचा प्रयोग रिसोडला होता. सकाळच्या तालमीत एक अक्षर चुकलं नाही. मी निश्चिंत झालो.

संध्याकाळी प्रयोगात तीच जागा आली आणि ताई थांबल्या. मी घाईनं वहीत ती ओळ शोधली. वाक्य द्यायला तोंड उघडलं आणि पाहिलं, तर त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. हात पुढे केलेला.

"ये ना रे गजू! लोक वाट पाहून राह्यले."