काहिलीतून बाभूळबेटावर, सायकलीसह

बारामतीच्या एका छापखान्यात मी खिळे जुळवण्याचं काम करतो. दिवसभर एका जागी उभं राहून गावोगावची नावं जुळवायची, आणि ती गावं मात्र पाहायची नाहीत, असा हा धंदा. मार्गशीर्षात एक लग्नपत्रिका आली. खाली पत्ता होता, 'मुक्काम बाभूळबेट, भीमा नदी'. नदी हा पत्ता असू शकतो हे मला नवीन होतं. पत्रिका छापून घ्यायला आलेले बापू हे चाळिशीचे, उन्हानं रापलेले गृहस्थ. त्यांना विचारलं, "तिथे राहता कसे हो?"

"ऱ्हातो की. दोन्ही अंगाला पाणी, मधी आमी," ते म्हणाले. "धाकट्या भावाचं लगीन उरकू द्या, मग या सवडीनं."

असं बोलावणं बरेच जण देतात, पण जाणारे थोडे. मी जायचं ठरवलं, आणि तेही सायकलीनं. बेटाला सायकलीवरून पुरा वळसा घालायचा, हे तर मी छापखान्यात चारचौघांसमोर बोलून बसलो. मालक हसले. बायको म्हणाली, "वाळूत सायकल? तुम्ही तिला खांद्यावर घेऊन फिरणार आहात." या वाक्यानंतर बेत रद्द करणं शक्यच नव्हतं.

माघातल्या एका पहाटे निघालो. इंदापूरला सर्व्हिस मोटार जाते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि टपावर सायकल टाकायला ड्रायव्हर कुरकुरतो. सायकलवाल्यानं पहाटेच निघावं हे उत्तम. कालव्याच्या बाजूचा रस्ता झाडीतला आहे. दोन्हीकडे ऊस, जागोजाग गुऱ्हाळं, आणि हवेत असा गोड धूर की नुसत्या वासानं न्याहारी झाल्यासारखं वाटतं. एका गुऱ्हाळावर थांबलो तर न मागता काकवी आणि भाकरी मिळाली. लासुर्ण्यापुढे हिरवळ विरळ होत जाते, खडी वर येते आणि वारा समोरून लागतो. निमगावला पानमळ्यांच्या सावलीत जरा पाठ टेकली. इंदापुरात पोचलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. धर्मशाळेत पथारी टाकली, शेजारच्या खाणावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. पिठलं इतकं तिखट होतं की थकवा विसरायला झाला.

दुसऱ्या दिवशी नदी गाठली. इंदापूरपासून गाडीवाट आहे, पण शेवटचा पल्ला बैलांच्या खुरांनी खणून काढलेला. तिथे उतरून चालावं लागतं. काठावर आलो आणि समोर बेट दिसलं. लांबट, मधे बाभळींची दाट काळी रेघ, दोन टोकांना घरांचे दोन पुंजके. डोंगी नव्हती. होती ती काहील, गूळ शिजवायची भली मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळात तिचं आयुष्य संपलं होतं आणि भोकं लाखेनं बुजवून तिला नदीत कामाला लावलं होतं. माणसानं मधे उकिडवं बसायचं आणि दोघा पोहणाऱ्यांनी कडेला धरून ती ढकलत न्यायची. सायकल आडवी घालून मी तिच्यावर बसलो.

"हालू नगा," एक पोहणारा म्हणाला.

"हाललो तर?"

"तर मग तुमीबी पवा."

मी श्वाससुद्धा बेतानं घेतला. मधल्या धारेत काहील स्वतःभोवती फिरते. एकदा इंदापूरचा काठ दिसतो, एकदा करमाळ्याचा. जाणाऱ्यांनी पोट रिकामं ठेवावं.

बापूंनी माझं मनापासून स्वागत केलं. ते आणि धाकटा भाऊ कोंडिबा वरच्या वस्तीवर राहतात. वाळूत कलिंगडाचे आणि काकडीचे वेल, मागं वांग्यांचे वाफे. माल काहिलीतून काठावर आणि तिथून इंदापूरच्या बाजाराला. ओसरीवर त्यांची आई, हौसाबाई, बसलेली होती. साठीची, बारीक, नजर मोठी धारदार. मागे एका तापात तिच्या पायांतली ताकद गेली ती परत आली नाही. उचलून ओसरीवर आणायची आणि उचलून आत न्यायची, एवढाच तिचा प्रवास. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. ती सायकलीकडे पाहत होती.

"ह्याच्यावर मागं कोण बसतं?" तिनं विचारलं.

"कुणीही. बायको बसते, पोतं बसतं."

"पोत्याला काय पाय लागत न्हाईत," ती म्हणाली.

संध्याकाळी मी बेटावर कसं फिरावं याची चौकशी केली. बैलगाडी नाही, घोडं नाही. मधल्या बाभळींत पूर्वी वाट होती. ती काट्यांनी बुजली. आता खालच्या वस्तीकडे कुणी जातच नाही. का, असं विचारल्यावर बापू उठून गोठ्याकडे गेले. उत्तर हौसाबाईनं दिलं.

खालच्या वस्तीवर तिची सख्खी धाकटी बहीण ठकूबाई नांदते. दोघी बहिणी एकाच भावकीत दिलेल्या. काही वर्षांपूर्वी महापुरानं बेटाच्या कडेला नवी मळईची जमीन आणून टाकली. गाळाची, काळीभोर. दोन्ही घरांनी तिच्यावर हक्क सांगितला, काठ्या निघाल्या, डोकी फुटली. हौसाबाईच्या मुलांनी शपथ घेतली, ठकूबाईच्या नवऱ्यानं, तात्यांनीही घेतली, की एकमेकांच्या अंगणात पाय ठेवणार नाही. पुढच्या पुरात मळई वाहून गेली.

"जिमीन गेली, भांडाण ऱ्हायलं," हौसाबाई म्हणाली. "धाकल्याच्या लग्नाला सख्खी मावशी न्हाय. हळद लावायला मी बसलेली, आन् ती तितं, हाकेच्या अंतरावं. ऐकू येत आसंल तिला वाजंत्री."

"मुलांना सांगा ना, उचलून न्या म्हणून."

"म्हंत्यात, आमचा पाय त्या अंगणाला लागणार न्हाय." मग ती माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहून म्हणाली, "तुमचा कशाला अडतोय? तुमी तर पावनं."

मी रात्रभर त्यावर विचार केला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी ताबडतोब हो म्हणालो. बेटाला वळसा घालायचाच होता. मागे पोतं असो की हौसाबाई.

सकाळी बापूंना कळलं तेव्हा ते तांबडेलाल झाले. "पावनं, तुमी आमच्या घरचं खाल्लंय."

"खाल्लंय, म्हणूनच आईंचं ऐकतो."

"पडली तर हाडं मोडतील तिची!"

"माझी हाडं हायत," हौसाबाई ओसरीवरून ओरडली. "तुला कशाचं भ्या? बांध मला सायकलीला."

कोंडिबानं गोधडी घडी करून सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर घातली, आईला उचलून बसवलं, आणि तिच्याच जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं तिला माझ्या कमरेशी बांधलं. बापू पाठ फिरवून उभे राहिले, पण गेले नाहीत.

निघाल्या निघाल्या पडलो. कोरड्या वाळूत चाक रुतलं आणि आम्ही दोघं, एकमेकांना बांधलेले, गाठोड्यासारखे आडवे झालो. मी घाबरून विचारलं, "लागलं का?"

"पायाला लागलं आसंल, मला कसं कळणार? चला."

दुसऱ्यांदा बाभळीचा काटा घुसला. मी पंक्चर काढेपर्यंत ती उन्हात बसून हातानं रबर धरून होती आणि मला घाई करत होती. त्यानंतर ओल्या कडेनं, अगदी पाण्याला लागून चाक ठेवलं. तिथे वाळू दाबून बसलेली असते आणि सायकल खरंच चालते. कुणी जाणार असेल तर त्यानं हे ध्यानात ठेवावं. कोरड्या वाळूवर जाऊ नये, सावलीच्या मोहानं बाभळींत तर मुळीच जाऊ नये. नदी डाव्या हाताला चमकत होती, बगळे उठत होते, आणि हौसाबाई मागून एकेक गोष्ट ओळखत होती. "ह्यो डोह. हितं आमी धुनं धुवायचो. ती उंबराची झाडं व्हती, गेली वाटतं. थांबू नगा, थांबू नगा." तिनं माझा कोट दोन्ही मुठींत असा धरला होता की गळपट्टी मानेला कापत होती.

खालच्या वस्तीच्या कुत्र्यांनी आधी वर्दी दिली. मग एक बाई हातात शेणाची पाटी घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. हीच ठकूबाई, हे सांगायची गरज नव्हती. तोच चेहरा, तीच नजर. तिच्या मागे, छपराखाली खाटेवर तात्या बसले होते. पांढऱ्या मिशांचे, ताठ. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी सायकल अंगणाच्या कडेला, अंगणात नाही, उभी केली. सगळ्या वाटेवर बोलणारी हौसाबाई आता नुसती अंगणाकडे पाहत राहिली. मला वाटलं, उगीच आलो. परत वळावं का, असा विचार मनात आला तेवढ्यात ठकूबाईची नजर खाली गेली.

"रगत येतंय," ती म्हणाली. "गुडघ्यातनं. पडलीस कुठं?"

"कुठं कुठं पडले त्या पावन्याला इचार."

ठकूबाईनं पाटी टाकली. पट्ट्याची गाठ सोडताना ती सारखी मला रागावत होती, इतकी गच्च गाठ कुणी मारली म्हणून. बहिणीला तिनं एकटीनं उचललं, पाळण्यातलं पोर उचलावं तसं, आणि ओसरीवर नेलं. मग दोघी रडल्या. मी नदीकडे पाहत उभा राहिलो. तात्या भिंतीकडे पाहत होते. तोंड न वळवताच ते म्हणाले, "पावन्याला पानी द्या. उन्हाचा आलाय." मग थोडं थांबून, "आन् वैनीला हळद आना गुडघ्याला."

दुपारी कालवण-भाकरी झाली. ऊन उतरल्यावर मी निघायला उठलो. हौसाबाई उठली नाही.

"मी न्हाय येत. आठ दिस हितंच ऱ्हानार. पोरांना सांगा, न्यायाचं आसंल तर या."

परतताना बेटाची उरलेली बाजू घेतली, म्हणजे वळसा पुरा झाला. पण त्या बाजूचं वर्णन मी करू शकत नाही. बापूंना काय सांगायचं याच विचारात मी ती पार केली. सांगितलं तेव्हा त्यांनी शिवी दिली, मला की नशिबाला ते कळलं नाही. रात्री जेवायला वाढलं मात्र नेहमीसारखंच. दुसऱ्या दिवशी काहिलीत बसताना त्यांनी सायकलीचं चाक स्वतः धरून आत ठेवलं. बारामतीला मी मोटारीनंच आलो. ड्रायव्हर कुरकुरला, मी वाद घातला नाही.

घरी बायकोनं विचारलं, "झाला का वळसा?" मी हो म्हणालो, आणि ते उत्तर मला स्वतःलाच अपुरं वाटलं. कुणाच्या घरातलं मी काही बिघडवून तर आलो नाही ना, हे काही दिवस मनातून जाईना.

फाल्गुनात बापू छापखान्यात आले. काम काही नव्हतं. बाकावर बसले, पाणी प्याले.

"आठ दिस झालं तरी आई येईना. मग गेलो आमी दोघं, खाट घिऊन. खाटंला चौघं लागत्यात. तितं तात्याची दोन पोरं उभी. मग त्येंनी मागलं दोन पाय उचललं." ते हसू आवरत होते. "चार खांद्यावं खाट निघाली, आन् मावशीनं हंबरडा फोडला. आई वरनं ओरडती, आगं रडतीस काय, जित्ती हाय मी! तात्यासुदीक हासलं. आता दर पंधरा दिसाला तिची फेरी आसती. चौघांना सवड काढावी लागती."

तर बाभूळबेटावर जाणाऱ्यांनी पाणी उतरल्यावर जावं. काहिलीत हलू नये. आणि ओल्या कडेनं जाण्याचा माझा सल्ला आता सोडून द्यावा. बाभळींतली वाट त्यांनी तोडून मोकळी केली आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ जाते. खाट घेऊन चौघं चालतील इतकी ती रुंद आहे, असं बापू म्हणाले.