पलांगा म्हणजे पलंग नव्हे

दुबईजवळ अजमानला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईंना मी दोन वर्षं ‘रशियन मॅडम’ म्हणत होतो. त्या समुद्राकाठच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होत्या. नव्वदच्या दशकात, सोव्हिएत युनियन फुटल्यावर तिकडून आलेलं प्रत्येक गोरं माणूस आमच्या लेखी रशियनच. त्याही मला तिथल्या अरबांसारखं ‘हिंदी’ म्हणायच्या, म्हणजे फिट्टंफाट.

त्या वर्षी लेक पहिलीत गेली. टीचरने आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की घरात मराठी बंद करा, पोरगी इंग्रजीत मागे पडतेय. आम्ही माना डोलावल्या. माझं इंग्रजी ऑफिसातल्या फॅक्सपुरतं, त्यामुळे मी लेकीला ‘काइंडली फिनिश द मिल्क’ असं सांगू लागलो. बायकोला इंग्रजीत रागावता येईना, म्हणून घरात शांतता नांदू लागली. पहिला आठवडा ती मला आवडली, हे कबूल करतो. पण दोन महिन्यांत पोरगी ‘येस’, ‘नो’, ‘फाइन’ यांवर आली. आजीचा फोन आला की रिसीव्हर माझ्या हातात कोंबून खोलीत पळायची. तिकडे आजी विचारायची, माझं काही चुकलं का रे?

एका शुक्रवारी बायकोने शेजारी सोलकढी पाठवली. बाई भांडं परत करायला आल्या त्या ते भरूनच घेऊन. आत ताकासारखं काहीतरी आणि बीट घातलेलं गार, गुलाबी सूप. मी चव घेतली आणि शहाणपणाने म्हणालो, रशियन सूप फार छान.

“रशियन नाही,” त्या म्हणाल्या. “लिथुआनियन. मी पलांगाची.”

चूक सावरायला मी घाईने सांगितलं, की आमच्या हिंदीत पलंग म्हणजे बेड.

“आपली हिंदी कधीपासून झाली?” बायकोने मराठीत विचारलं.

मग बाई बसल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत राहिल्या. पलांगा बाल्टिक समुद्रावरचं गाव, उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांचं. रशियाचा झार आला, मग गाव लाटव्हियात गेलं, मग लिथुआनियात आलं, मग सोव्हिएत आले. पाहुणे पोलिश बोलत, जर्मन बोलत, रशियन बोलत. झारच्या काळात तर लिथुआनियन पुस्तक त्यांच्या रोमन लिपीत छापायलाच बंदी होती. जवळच जर्मनीची हद्द होती, तिकडून पुस्तकं चोरून यायची. त्यांच्या पणजीने ती घागऱ्याखाली बांधून आणली होती.

“जो आला त्याने सांगितलं, तुमची भाषा स्वयंपाकघरापुरती,” त्या म्हणाल्या. “मग आम्ही स्वयंपाकघर सोडलंच नाही.”

मला फार लाज वाटली. त्यांच्या पणजीने झारला दाद दिली नव्हती. मी पहिलीच्या टीचरपुढे आडवा झालो होतो, तेही कोणी बंदूक न दाखवता.

शनिवारी लेकीला घेऊन शाळेत गेलो. टीचरला सांगितलं, “मॅडम, स्कूल इज युवर्स. होम इज माइन. वी डिड नॉट केम हियर टू फर्गेट मराठी. खलास.” मार्क कमी पडतील, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पडू देत.

जिना ताठ मानेने उतरलो. खाली आल्यावर लेकीने माझा शर्ट ओढला.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “डिड नॉट कम म्हणायचं असतं. केम नाही काही.”