शकूला वरून आगगाडी बघायची होती: परभणी ते दौलताबाद

आठवीत असताना एकदा मी आणि शकू शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून सीताफळ खात होतो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये बिया थुंकायला सक्त मनाई होती, म्हणून आम्ही एकेक बी मोज्यात टाकत होतो. तेवढ्यात घंटा झाली. पुढचा अख्खा तास घोट्यांना बिया टोचत होत्या आणि सिस्टरनी उभं केलं तरी आमचं हसू थांबत नव्हतं. बाकी त्या दिवशी काहीच घडलं नाही, तरी तो दिवस मला अजून लख्ख आठवतो.

त्याच वर्षी सहल दौलताबादच्या किल्ल्यावर गेली होती. किल्ल्यात मध्यावर अंधारी नावाची काळोखी, वळणावळणाची वाट आहे. तिच्या तोंडाशीच मी भोकाड पसरलं. सिस्टर म्हणाल्या, "परत जायचं असेल तर जा, पण एकटीनं नाही." शकूनं माझा हात धरला आणि दोघी खाली आलो. बाकीच्या मुली वर जाऊन आल्या आणि परतीच्या प्रवासात सांगत राहिल्या, "वरून आपली आगगाडी काडेपेटीएवढी दिसते!" शकू ऐकत राहिली. इतक्या वर्षांत तिनं मला त्यावरून एक टोमणासुद्धा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

शकू झरीच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तिला काचबिंदू आहे. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं नाही. या पावसाळ्यात डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून टिकवायची. किती टिकेल ते त्यांनी सांगितलं नाही. घरी येताना रिक्षात शकू म्हणाली, "निमे, ती काडेपेटी राहिलीच गं बघायची."

मग मी ठरवलंच.

मुलगा म्हणाला, "आई, कार घेऊन जा ना. ड्रायव्हर देतो." पण कारमध्ये शकूला गरगरतं. बाजूनं काय येतं ते कळत नाही, सगळं एकदम अंगावर येतं. रेल्वेच्या खिडकीचं तसं नसतं. चौकट जागच्या जागी असते आणि शेतं सावकाश तिच्यात येतात. शिवाय तेव्हा रेल्वेनंच गेलो होतो. म्हणून रेल्वे.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: दौलताबादला मोजक्याच गाड्या थांबतात. आधी चौकशी करा, नाहीतर संभाजीनगरला उतरून एसटी किंवा रिक्षा करावी लागते. आम्ही सकाळची हळू जाणारी गाडी निवडली. ज्येष्ठांची सवलत आता मिळत नाही, तरी तिकीट अगदी स्वस्त होतं.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. मानवत रोडपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधूनच तुरीची पिवळी फुलं. शकू खिडकीला नाक लावून बसली होती. सेलूला गाडी थांबताच मी तिच्या डोळ्यांत थेंब टाकले. चालत्या गाडीत ते गालावर पडतात.

समोर एक बाई चढल्या होत्या. नऊवारी, मांडीवर गाठोडं.

"कुठं चाललाव दोघी?"

"दौलताबादला. किल्ला चढायला."

"ह्या वयात? गुडघं हायत का घरी ठिवून आलाव?"

"गुडघे हिचे आहेत, डोळे माझे," मी म्हणाले.

"मंग दोघीत मिळून एक बाई झाली की," त्या म्हणाल्या आणि गाठोडं सोडून त्यांनी ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा आमच्या हातावर ठेवला. नको म्हणायची सोय नव्हती. "खावा. लय चढाय लागतंय तितं." त्या परतूरला उतरल्या. नाव विचारायचं राहून गेलं.

जालना गेलं, संभाजीनगर गेलं आणि मग डोंगर दिसू लागले. दौलताबाद जवळ आलं तसा तो एकटा उभा डोंगर समोर आला, खालून चहूबाजूंनी तासलेला. शकूनं डोकं हलवत हलवत तो तुकड्यातुकड्यानं बघितला, वरपासून खालपर्यंत. "आहे तसाच आहे," ती म्हणाली.

मुक्काम वेरूळला केला. स्टेशनवरून रिक्षा मिळते. साधी स्वच्छ खोली, रात्री शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं किल्ल्यावर आलो आणि दार उघडल्याबरोबर आत शिरलो. तुम्हीही सकाळीच जा. दहानंतर दगड तापतात. पाणी खालूनच भरून घ्या.

सुरुवातीची वाट सपाट आहे. चांदमिनार, हत्तीहौद, खांबांचं देऊळ, सगळं निवांत बघता येतं. खंदकावरचा पूल ओलांडला की खरी चढण लागते. मी एक पायरी पुढं राहून सांगत होते, "उंच आहे... आता सपाट... इथं फुटलीय." माझ्या खांद्यावर शकूचा हात होता. झरीच्या वर्गात मुलांना जसं म्हणायची तसंच मला म्हणाली, "मोठ्यानं बोल. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे."

अंधारीच्या तोंडाशी मात्र माझे पाय थांबले. तोच गारवा, तोच वटवाघळांचा उग्र वास. साठी उलटली, नातवंडं झाली आणि मी तिथं आठवीतल्या मुलीसारखी घामेजून उभी होते. हातात टॉर्च घेतलेला गाईड म्हणाला, "मावशी, भीती वाटत असेल तर इथूनच परत फिरा. लय जण फिरतात."

तो अगदी सहज म्हणाला. मी शकूकडं बघितलं. या वेळीही ती खाली आली असती. माझा हात धरून.

"टॉर्च नको," शकू गाईडला म्हणाली. "प्रकाशानं माझी गडबड होते." मग तिनं माझ्या खांद्यावरचा आपला हात काढला आणि माझा हात आपल्या खांद्यावर ठेवला. "आता मी पुढं. संध्याकाळ झाली की माझं घर रोज असंच असतं गं. भिंतीला हात लावायचा आणि पाय आधी टेकवून बघायचा, मग भार द्यायचा. चल."

मी डोळे मिटून तिच्या मागे गेले. डावा हात भिंतीवर, उजवा तिच्या खांद्यावर. ती सांगत होती, "पायरी. अजून एक. वळण. डोकं खाली, निमे." मागून गाईड हसून म्हणाला, "मॅडम, तुमी तर माझ्या पोटावर पाय देयलाव!" शकू म्हणाली, "मग निम्मी गाईडी मला दे." अंधारात तिघांचं हसू घुमलं आणि कुठंतरी वटवाघळं फडफडली.

बाहेर उजेडात आल्यावर मी पायरीवर बसून रडले. शकूनं रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता तिकीट वसूल कर."

त्यानंतरच्या पायऱ्या जीव काढतात. दर पंचवीस पायऱ्यांना बसत, घोट घोट पाणी पीत आम्ही बारादरी गाठली आणि तिथून सगळ्यात वरच्या तोफेपर्यंत गेलो. वारा असा की पदर आवरेना. खाली तटबंदी, शेतं, घरं. रेल्वेरूळ कुठं आहेत तेच मला कळेना. गाडीची वेळ गाईडनं सांगितली होती. मी चष्मा पुसून इकडून तिकडं नजर फिरवत राहिले. गाडी निघून जाईल आणि शकूला दाखवायची राहील, एवढंच डोक्यात.

शकू घाई करत नव्हती. तिनं आधी स्टेशन शोधलं. मग बोट पुढं धरून, ओळीवर बोट ठेवून वाचतात तशी ती रुळावरून सावकाश पुढं पुढं गेली. आणि थांबली.

"ती बघ."

"कुठं?"

"माझ्या बोटाच्या टोकाला बघ ना गं."

मी तिच्या गालाला गाल लावला तेव्हा मला दिसली. काडेपेटीएवढी नव्हती. काडीएवढीच होती. झाडांमागे जाईपर्यंत शकूनं बोट खाली घेतलं नाही.

उतरल्यावर फाटकाबाहेर सीताफळं घेतली. शकूनं एकेक दाबून, आधी पिकणारं, मग पिकणारं, सगळ्यात शेवटी पिकणारं अशा तीन पिशव्या भरल्या. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, तुमी पण बागवालेच का?"

घरी येऊन दोन दिवस झाले. गुडघे बोलतायत. शकूच्या डोळ्यांत फरक नाही आणि पडणारही नाही, हे दोघींना ठाऊक आहे. पण काल फोनवर तिनं नातीला गाडीचे डबे मोजून सांगितले. मला तर एकही मोजता आला नव्हता.

आपल्याकडं गावाहून आणलेला वानोळा आधी वाटायचा आणि मग आपण खायचा. सूनबाई हा ब्लॉग वाचते, म्हणून इथंच लिहिते. पहिल्या पिशवीतली चार शेजारी आजच दे, ती थांबणार नाहीत. दुसरीतली सहा गंगाखेडला ताईकडं, एसटीत कुणाच्या मांडीवर देऊन पाठव, टपावर नको. डोळ्यांच्या डॉक्टरांना दोन, आणि त्यांना सांग की गाडी दिसली. एक माझ्या प्रवासाच्या पिशवीत राहू दे. परवा मी परतूरवरून जाणार आहे. त्या बाई भेटल्या तर त्यांना, नाहीतर जी कुणी सरकून जागा देईल तिला.

तिसऱ्या पिशवीला हात लावू नका. ती रविवारी पिकेल. शकू येणार आहे. आम्ही अंगणात बसून खाऊ आणि बिया वाटेल तिथं थुंकू. संध्याकाळपर्यंत कुणी झाडू मारायचा नाही.