पाहुण्यांचं पाणी

भूजलावर संशोधन करणारे आमचे सर सीलबंद बाटलीचंच पाणी प्यायचे. गोंदियाहून निघताना गाडीत अख्खा खोका ठेवला जाई आणि खेड्यात कुणी तांब्या पुढे केला की सर पोटावर हात ठेवून म्हणत, "आत्ताच घेतलं." हे मी त्यांच्या प्रकल्पात सहायक होते तेव्हाचं सांगतेय. माझंही गाव त्याच भागातलं, सडक अर्जुनी तालुक्यातलं. त्यामुळे बोली समजणारी म्हणून मला घेतलं होतं, आणि बोली समजण्यापलीकडे मला काहीही समजत नव्हतं हे पुढे सिद्ध झालं.

प्रकल्प असा होता: नवेगाव बांधच्या आसपासच्या काही वस्त्यांमधल्या हातपंपांचं पाणी वर्षभरात तीनदा तपासायचं, त्यात हाडं-सांधे आखडवणारं फ्लोराइड किती, लोह किती ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा. त्यातल्या एका वस्तीशी माझा संबंध आला. विहाराला लागून पंधरा-वीस घरं, मधोमध एक हातपंप आणि पंपासमोर एका आजींचं घर. आजींचे गुडघे पुरते सरळ होत नव्हते. उठताना त्या आधी जमिनीवर हात टेकत, मग भिंतीवर, मग थोडा वेळ तशाच वाकून उभ्या राहत. वस्तीत असे आणखी चार-पाच जण होते. नवेगाव बांधच्या तलावावरून येणारी नवी नळयोजना पुढच्या रस्त्यापर्यंत मंजूर झाली होती, आणि ती या वस्तीत वळवायची की नाही हे पाण्याच्या अहवालावर ठरणार होतं. तपासणीवर नळ ठरणार एवढं आजींना ठाऊक होतं; पाणी खराब निघालं तरच तो येईल, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं. आम्ही गेलो की पहिला प्रश्न तोच, "नळ येते ना वं पोरी?"

नमुना घ्यायचे नियम मला तोंडपाठ होते. पंप आधी बराच वेळ हापसायचा, साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, भरून जागेवरच चिठ्ठी लावायची. हे सगळं उन्हात उभं राहून करावं लागतं, म्हणून सरांनी त्यावर उपाय शोधला. रिकाम्या बाटल्या आधीच शाळेच्या मास्तरांकडे पाठवायच्या, वस्तीनं त्या भरून ठेवायच्या, आम्ही जाऊन उचलायच्या. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात, पण सरांनी त्याला 'लोकसहभाग' असं नाव दिलं आणि शोधनिबंधात त्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहिला.

बाटल्या भरायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं. आम्ही पोचायचो तेव्हा भरलेल्या बाटल्या ओसरीत ओल्या फडक्याखाली मांडलेल्या असत, बाहेरून पुसून लख्ख. सर म्हणत, "बघा, किती जाणीव आहे या लोकांना." मग खुर्च्या येत, चहा येई. चहा उकळलेला म्हणून सर तो घेत. सुरेख तांबूस चहा. मी दोन-दोन कप प्यायले.

त्या खुर्च्यांपासून चार पावलांवर हातपंपाचा ओटा होता, आणि तो गंजाच्या थरानं लालभडक झालेला होता. ज्या पाण्यात एवढं लोह असतं त्याचा चहा काळा पडतो. हे कळायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. माझ्याकडे पदवी होती, मी बाई होते आणि आमच्याकडचीच होते. तरी तो ओटा पाहून, तो चहा पिऊन, मी प्रयोगशाळेत जाऊन 'लोह नगण्य, फ्लोराइड मर्यादेत' असं लिहिलं आणि खाली सही केली. एकदा नाही, दोनदा.

तिसऱ्या फेरीला सरांचं नागपुरात व्याख्यान होतं, विषय अर्थात लोकसहभाग. मी एकटीच स्कूटीवर निघाले आणि सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचले. आजींच्या घराला कडी होती. मी ओसरीत बसले. थोड्या वेळानं रस्त्यापलीकडच्या धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्याच्या अरुंद वाटेवरून कुणी येताना दिसलं. आजीच होत्या. कमरेवर पाण्याची गुंडी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत आमच्या बाटल्या. दर आठ-दहा पावलांवर त्या थांबत होत्या. मी धावत जाऊन गुंडी घेतली.

"तू आताच कायले आली वं? मास्तरानं तं बारा वाजता सांगतलं होतं."

"आजी, पंप तं दारात हाये. तुमी कोठून येऊन राहिल्या?"

"विहिरीवून," त्या म्हणाल्या. पलीकडच्या शेतकऱ्याची जुनी विहीर. "पाहुन्याले पंपाचं पानी कोन देते? चहा काया पडते त्याची."

"पन बाटल्या? त्या तं पंपाच्या पान्यासाठी होत्या."

"त्याबी पाहुन्याच्याच ना. गोंदियाले नेऊन तुमी तपासनार, चार मोठे लोक पाहनार. आपल्या वस्तीचं पानी नापास झालं तं लोक काय मनतीन?"

"मंग तुमी रोज कोनतं पेता?"

"आमी पंपाचंच पेतो. त्या विहिरीवर रोज रोज पानी मांगाले जावं तं बरं नाई लागत. पाहुना आला मनलं का मातर कोनी ना करत नाई."

मला सरांचा राग आला असं लिहायला फार आवडलं असतं. आला तो स्वतःचा. माझी आई काय करायची? पाहुणे आले की शेजारच्या वाड्यातून चहापुरतं गोडं पाणी आणायला मलाच पिटाळायची. ही रीत मी लहानपणापासून पाळलेली, आणि ती रीत माझ्याच बाटलीत शिरली तर मला ओळखता आली नाही.

त्या दिवशी पंप मी हापसला. बाटल्या मी विसळल्या, मी भरल्या. आजी ओसरीतून म्हणत राहिल्या, "हे नोको नेऊ पोरी, चांगलं नाई दिसत."

फ्लोराइड मर्यादेच्या पुढे निघालं, बरंच पुढे. लोहाचं तर विचारूच नका. सरांनी कागद पाहिला आणि चष्मा पुसला. "बाकीच्या नोंदींशी हे जुळत नाही. बाटली खराब असेल, वगळून टाका." मी विहिरीची हकीकत सांगितली. सर म्हणाले, "मॅडम, निबंध स्वीकारला गेलाय." एवढा मोठा अभ्यासक, पण पाण्यापेक्षा निबंध आधी नितळ दिसला पाहिजे ही त्यांची श्रद्धा कधी गढूळ झाली नाही.

मग मी तो कागद घेऊन स्वतः ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या साहेबांनी आधीचे दोन अहवाल काढले, माझा तिसरा शेजारी ठेवला आणि तिन्हींवर बोट फिरवलं. "मॅडम, सही तर तिन्हीवर तुमचीच आहे. यातली खरी कोणती मानायची?" वस्तीचं नाव नळाच्या यादीतून आधीच गेलं होतं. पाणी चांगलं असलेल्या वस्तीला नळ कशाला, हा हिशेब त्यांचा चूक नव्हता. नव्यानं अर्ज करा, म्हणाले, पुढच्या यादीत पाहू. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. गेलं पाणी अडवायला बांध घालावा, तसा.

हे आजींना सांगायला मीच गेले. त्यांनी सगळं ऐकलं. मग स्वतःच्या तळहातांकडे पाहत म्हणाल्या, "मनजे माह्याच हातानं झालं का?"

"नाई आजी. माझ्या हातानं झालं. बघायचं काम माझं होतं."

आजींनी जमिनीवर हात टेकला, भिंतीवर टेकला, उठल्या. गुंडी कोपऱ्यात पालथीच होती, तिला त्यांनी हात लावला नाही. भांडं घेऊन त्या पंपावर गेल्या. मी हापसायला उठले तर म्हणाल्या, "बस."

चहा माझ्यासमोर ठेवून त्यांनी आपला कप घेतला. दोन्ही कप सारखेच काळे होते.

"आता तू काई पाहुनी नाई राहिली," त्या म्हणाल्या. "पे."