स्वयंपाकघरातली पिवळी रेष

हे लिहू की नको, याचा बरेच दिवस विचार केला... कारण भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, पण अंगारा, उतारा, नजर — यातलं काही पप्पांनी उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. शिवाय आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असलं काही लिहायची थोडी लाजही वाटते. जसं घडलं तसं सांगते.

आमचा फ्लॅट रहाटणीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पप्पा तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेले. त्यानंतर आठ महिन्यांनी आईला पॅरालिसिसचा झटका आला आणि चार पायांची काठी घरात आली. तेव्हापासून आई फक्त दवाखान्यासाठी खाली उतरायची, तेही खुर्चीत बसवून, दोघातिघांनी उचलून. निगडीला तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट मिळत होता. त्याचे मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होते. त्याआधी आमचा विकला जायला हवा होता... आणि बघायला येणारी तरुण जोडपी स्वयंपाकघरापर्यंत येऊन परत फिरत होती.

"ताई, खरं सांगू का," एजंट म्हणाला, "ही भिंत बघूनच पोरं घाबरतात. घर वाटत नाही, कंपनीचं स्टोअर वाटतं. हिंजवडीच्या आयटीवाल्या पब्लिकला पांढरं, मोकळं लागतं. रंग मारा, दोन कुंड्या ठेवा, बघा मग."

त्याचं चुकत नव्हतं. पप्पा चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला होते. तिथे प्रत्येक पान्याचा, हातोडीचा आकार बोर्डवर पिवळ्या रेषेने काढलेला असतो. हत्यार जागेवर नसलं की रिकामा आकार लगेच दिसतो. पप्पांनी तीच पद्धत घरी आणली. झारा, पळी, उलथनं, सांडशी — प्रत्येकाला ओट्यावरच्या भिंतीत खिळा आणि भोवती पिवळी रेष. रेष कधी अंदाजाने मारायचे नाहीत. वस्तू भिंतीला धरायची, कडेने पेन्सिल फिरवायची, मग ब्रश. जेवणं झाल्यावर एखादी जागा रिकामी दिसली की म्हणायचे, "आज शिफ्ट सुटायची नाही हां. आधी पळी कुठाय ते सांगा."

एका रविवारी मी खिळे काढले, भोकं बुजवली, प्रायमर लावून पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. आई दारात खुर्चीवर बसून बघत होती.

"पुसलंस सगळं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची हाक आली. "प्रज्ञा, काठी कुठे नेलीस? माझ्या हाताशी ठेवत जा म्हटलं ना!"

काठी स्वयंपाकघरात होती, नव्या भिंतीला टेकून. मी नेली नव्हती. पण घरात आम्ही दोघीच... कामाच्या नादात मीच ठेवली असेन, असं धरून चालले.

बुधवारी भिंतीवर पिवळं काहीतरी दिसायला लागलं. "जुना ऑइल पेंट वर येतोय, अजून एक हात मारा," एजंट फोनवर म्हणाला. मारला. शुक्रवारी ते परत आलं, आधीपेक्षा ठळक. जुन्या रेषा असत्या तर मला काही वाटलं नसतं. त्या सगळ्या ओट्याच्या वर होत्या, जेमतेम हातभर. ही रेष दाराशेजारी होती — कमरेच्या उंचीपासून थेट फरशीपर्यंत. तिथे आमची कधीच कुठली वस्तू नव्हती. मी झाडू लावून बघितला, छत्री लावून बघितली. काहीच बसेना.

शनिवारी दुपारी एक जोडपं येणार होतं. ओल आहे समजून हेही गेले तर? महिना संपायला पाच दिवस राहिले होते. मी रेषेसमोर मोठी कुंडी ओढून ठेवली.

आई काठी टेकत आली. "कुंडी सरकव."

"आई, ते लोक येतील आत्ता..."

"सरकव म्हणते ना."

ती ओट्याला टेकली आणि चांगल्या हाताने काठी भिंतीशी उभी केली.

रेषेत बसली. वरची वळलेली मूठ, सरळ दांडी, खाली पसरलेले पाय. एका पायाचं रबर झिजून तिरपं झालंय... रेषसुद्धा तिथे तेवढीच तिरपी.

आईने काठीच्या मुठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आलं बघ सगळं जागेवर. आता सुटेल शिफ्ट."

तेवढ्यात बेल वाजली.

आलेली मुलगी माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. ती थेट त्या काठीपाशीच थांबली.

"अय्या, काठीला स्वतःचं पार्किंग! आपण इथे छत्री ठेवू."

"तू?" तिचा नवरा म्हणाला. "गाडीची चावी रोज मी शोधून देतो, आणि म्हणे छत्री जागेवर!"

आई हसली. कितीतरी महिन्यांनी.

सोमवारी त्यांचा होकार आला.

आता आम्ही निगडीत राहतो. आई रोज संध्याकाळी स्वतःच्या पायांनी गेटपर्यंत जाऊन बाकावर बसते. मी पेंटरला विचारलं, कॉलेजमधल्या सरांना विचारलं. सगळे ऑइल पेंटचंच सांगतात. असेलही. पण काठी पप्पा गेल्यानंतर आठ महिन्यांनी आली, आणि ते रबर तर गेल्या वर्षी झिजलं. आणि पप्पा रेष कधी अंदाजाने मारत नव्हते... वस्तू भिंतीला धरल्याशिवाय नाहीच.

इथल्या भिंती कोऱ्या आहेत. आई झोपताना काठी उशाशी ठेवते आणि सकाळी उठल्या उठल्या मी आधी ती तिथेच आहे ना, ते बघते. अजून एकदाही हललेली नाही. त्याचं मला बरं वाटतं की वाईट... ते अजून कळलेलं नाही.