कान कापलेला बोकड

ठाकरवाडीची भागुबाई पप्पूच्या टेम्पोत बोकड घालून पुण्याला निघाली, तेव्हा तिचा सगळा जीव त्या बोकडाच्या डाव्या कानाशी गोळा झाला होता. तो कान अर्धाच होता.

टाकवे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून तिची वाडी. वळवाच्या वादळानं तिच्या घराचे पत्रे उडवून पार ओढ्यात नेऊन मुरगाळले होते, आणि आता पाऊस तोंडावर आला होता. बकरी ईदेला बोकड चांगल्या भावानं गेला तरच घरावर पत्रे चढणार होते.

हा बोकड जन्मला तेव्हा उभा राहीना. अंगात ताप, तोंडाला फेस. भागुबाईनं वाडीच्या रीतीनं विळा घेतला आणि त्याचा कान अर्धा उतरवला. खोट असलेल्या जनावराला मरण उचलून नेत नाही, अशी तिच्या वाडवडलांची समजूत. पिल्लू जगलं, माजलं, बघणाऱ्याची नजर ठरेना असं झालं. कान कापताना मात्र तिला ईद आठवली नव्हती.

"दिवस मावळायच्या आत येतो, मावशी. थांबणार न्हाई बरं," असं म्हणत पप्पूनं तिला मोमीन मोहल्ल्याच्या तोंडाशी उतरवलं.

जुनी, अरुंद गल्ली. दोन्हीकडं लाकडी सज्जे एकमेकांकडं झुकलेले. मशिदीच्या हिरव्या कमानीखाली सुऱ्या परजणाऱ्याच्या चाकातून ठिणग्या उडत होत्या. शेवयांच्या राशी, अत्तराचा वास, आणि त्यातच लेंड्यांचा. पायरीपायरीला बोकड बांधलेले होते, अन् पोरं त्यांना हरभरे चारत होती.

भागुबाईचा बोकड दर वर्षी हमीदाबींच्याच घरी जाई.

"आ गई भागू! आधी पाणी पी," म्हणत हमीदाबी ओट्यावरून उतरल्या. त्यांनी बोकडाचे दात पाहिले, शिंगं चाचपली, पाठीवरून हात फिरवला. हात कानाशी आला आणि तिथंच थांबला.

"हे काय गं?"

"मरत व्हतं, भाभी. कान कापला म्हनून वाचलं."

"कुर्बानीला जनावर बेऐब लागतं, अंगात कसलीच खोट नको. इतकी वर्षं देतेस, तुला ठाऊक नाही?"

"ठाव हाय. पन तवा ते मरत व्हतं."

हमीदाबींनी कानावरचा हात काढला. "नाही चालायचं गं," एवढंच म्हणून त्या पाणी आणायला आत गेल्या.

तेवढ्यात पोरांनी बोकडाच्या डोक्याला चमकीचा गोंडा बांधला. त्याच्या झालरीखाली अर्धा कान झाकून गेला. पोरं पुढच्या बोकडाकडं पळाली. भागुबाईनं गोंड्याला हात लावला नाही.

कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीतला एक तरुण आला. दात बघितले, उचलून वजन अजमावलं. "केवढ्याला, मावशी?"

तिनं भाव सांगितला. घासाघीस न करता त्यानं दोरी हातात घेतली आणि खिशात हात घातला.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. ओट्यावर कुणी नव्हतं. भागुबाईच्या डोळ्यांपुढं पत्र्यांविना उघडं पडलेलं घराचं आढं उभं राहिलं.

"दादा," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, "तेवढा गोंडा वर करून बघा."

त्यानं गोंडा सरकवला. हातातली दोरी खाली पडली. "कमाल आहे! मला फसवायला बसली होतीस?"

"फसवायचं असतं तर बोलले असते व्हय?"

तो तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत निघून गेला. पाण्याचा तांब्या घेऊन हमीदाबी दारात उभ्या होत्या. त्यांनी समोरच्या सत्तार खाटकाला हाक मारली. "सत्तारभाई, तुमच्या दुकानासाठी घ्या की. जनावर ठणठणीत आहे."

"ईदेच्या तोंडावर मटण कोण विकत घेतं, बी? परवा घराघरातले फ्रीज भरतील." सत्तारनं बोकडाकडं पाहिलं. "निम्म्यात देत असेल तर विचारा."

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. भागुबाईनं दोरी त्याच्या हातात दिली, पैसे कनवटीला लावले आणि मागं न बघता चालू लागली.

त्या निम्म्या पैशांत चुलीवरचे अन् कणगीवरचे पत्रे आले. उरलेल्या घरावर तिनं ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले. आता रानातून वारा सुटला, की ती हातातलं काम टाकून वर बघत उभी राहते.