गाडा शिवेपार

देवी टोचणाऱ्या माणसाला पहिला दगड माझ्या सासूनं मारला आणि दुसरा मी. सासूचा चुकला, माझा बसला. लहानपणी बापाच्या ज्वारीवरची पाखरं उठवायचं काम माझ्याकडं असायचं, गोफणीनं हात तयार झालेला होता. दगड कपाळाला लागला, तो सायकलीसकट आडवा झाला आणि सगळी आळी हसली. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला माझी कीव आलीच तर ती जरा बेतानं यावी.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, साखरेचं तोंड दिसत नव्हतं. नेवाशाकडच्या आमच्या कोरड्या मुलखातून दर साली एक टोळी ऊस तोडायला कोपरगावाकडं जायची. त्या साली ती शिमग्याच्या आधीच परत आली, आणि गावात कुजबुज सुरू झाली की तिकडं देवी आल्यात. आमच्याकडं देवीला रोग म्हणत नसत. अंगावर फोड उठले की बाया आल्या म्हणायचं, पाहुणी आली म्हणायचं, आणि पाहुणीला राग येईल असं काही करायचं नाही, एवढंच औषध.

त्यातच हा माणूस आला. खाकी कोट, पत्र्याची पेटी, पेटीत काचेच्या बारीक नळ्या. सरकारनं धाडलेला. आमच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "मावशी, दंडावर एवढंसं ओरखडायचं असतं. लेकराला कळतही नाही."

माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. मी तिला रिकाम्या कणगीत लपवलं होतं. तिला तो खेळ वाटला. आतून ती खुदूखुदू हसत होती आणि मी बाहेर दगड शोधत होते.

सासू ओरडली, "पावनी दाराशी यायच्या वक्ताला सुई घिऊन आलाय मुडदा! तिला राग आला तर तुज्या घरी धाडू का?"

मग दगड. तो उठला, रुमाल कपाळाला धरला, फुटलेल्या काचा बाजूला करून शाबूत नळ्या एकेक वेचल्या. "पुन्हा येईन," एवढंच म्हणाला. सायकलीचं चाक वाकलं होतं. ती खांद्यावर घेऊन तो चालत गेला.

देवी पहिल्यांदा निघाल्या त्या ऊसतोडीवरून आलेल्या एका गड्याच्या घरी, गावाच्या अगदी टोकाला. त्याची दोन्ही पोरं एकदम पडली. तिथं मात्र कुणी पाहुणी म्हणालं नाही. गावानं त्याच्या दाराला बाभळीचे काटे लावले आणि विहिरीवर यायचं नाही म्हणून बजावलं. दोन दिवस तो आतून पाणी मागत राहिला. तिसऱ्या दिवशी काटे तुडवत घागर घेऊन विहिरीवर आला, तेव्हा दहाबारा जणांनी त्याला पायऱ्यांवरच झोडपलं. घागर फुटली, उजवा हात कोपरापासून मोडला. माझा नवरा त्या दहाबारांत होता. घरी येऊन त्यानं हातपाय धुतले, भाकरी मागितली. मी वाढली. पोरं त्याच आठवड्यात गेली. एका हातानं त्यानं अंगणातच खड्डा खणला, दिवसभर कुदळीचा आवाज येत होता. कुणीही गेलं नाही, मीही नाही.

आठवडा उलटला आणि माझी मुलगी तापली. चौथ्या दिवशी तोंडावर, मग हातापायांवर फोड आले. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं झालं. त्याच्या घरी आली ती रोगराई, आमच्या घरी आली ती आई. दाराला काट्यांऐवजी निंबाचे डहाळे लागले. लोक लांबून हात जोडू लागले. घरात फोडणी बंद, तळण बंद, माझ्या केसांना फणी नाही, नवऱ्याच्या दाढीला वस्तरा नाही. माझं एक जुनं हिरवं लुगडं होतं, धुवून धुवून मऊ झालेलं. त्यावर निंबाचा पाला अंथरून तिला निजवली. ती पाणी मागायची, आणि सासू म्हणायची, आधी पाया पड. पोटच्या पोरीच्या मी रोज पाया पडत होते. फोड फुटून लुगडं चिकटायचं, सोडवताना ती किंचाळायची, आणि मी हात जोडून म्हणायची, आई, सांभाळून घे. मला त्या आईचा संताप येत होता. पण तो मनात आणायचीही भीती वाटायची.

मुलगी वाचली. खपल्या धरल्या, निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातली. डाव्या डोळ्यात फूल पडलं ते पडलंच. तोवर गावात वीसेक घरी देवी पोचल्या होत्या, आणि पंचांनी गाडा काढायचं ठरवलं.

गाडा म्हणजे सुतारानं केलेली लहानशी गाडी. तिच्यात शेंदूर फासलेली लाकडी देवी बसवायची. घराघरातून लिंबू, बांगड्या, खण असं काहीबाही तिच्यापुढं ठेवायचं आणि वाजतगाजत शिवेपलीकडं नेऊन सोडायचं. मग पाहुणी पुढच्या गावाची. पुढच्या गावानं तिला आणखी पुढच्या शिवेवर ढकलायचं. लेकराचा खेळ वाटावा असा प्रकार, पण त्यापायी माणसं मेलेली होती.

आमची उगवतीची शीव म्हणजे एक ओढा. ओढ्यापलीकडं माझं माहेर.

नवऱ्याला म्हटलं, "मावळतीला न्या की. पलीकडं माजी आई हाय, भाऊ हाय."

"गाडा शिवेपार गेला म्हंजी झालं. फुडचं फुडचे बगतील."

"आन् तिथं कुनी मेलं तर?"

त्यानं माझ्या कानफटात मारली. दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. धुणं घेऊन ओढ्यावर गेले.

तिथं माहेरची एक म्हातारी शेळ्या राखत असायची. तिला म्हटलं, "माज्या भावाला सांग, उद्या दुपारी गाडा यील. दहीभात घिऊन चार म्हातारी मानसं धाड म्हनावं. देवीचा मान करा आन् गाडा वरच्या माळाकडं वळवा. माळ कुनाचाच न्हाई." माझा डाव साधा होता. म्हातारीनं निरोप पोचवला, पण ऐकणाऱ्यांनी त्यातले 'उद्या दुपारी' एवढेच शब्द घेतले.

गाडा निघाला. पुढं पोतराज, उघड्या पाठीवर आसूड ओढत. मागं साठसत्तर बाप्ये, एकाच्याही दाढीला महिनाभर वस्तरा नाही, प्रत्येकाच्या हातात काठी. सासूनं माझं ते हिरवं लुगडं घडी करून देवीच्या खाली घातलं होतं. देवीचं देवीला, म्हणाली. बायकांनी गाड्यामागं जायचं नसतं. मुलीला सासूपाशी टाकून मी बाभळीबाभळीनं गेले.

ओढ्यापलीकडं चार म्हातारे नव्हते, सगळं गाव होतं. मधोमध माझा भाऊ, लांग कसलेला, अंगाला माती. पंचक्रोशीत कुस्त्या मारणारा गडी, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

आधी गोफणी सुटल्या. गोफणीचा दगड हाडावर बसतो तो आवाज मला ओळखीचा नव्हता. पाखरांना तो लागत नसतो. आमच्यातल्या एकाचा डोळा तिथंच गेला. मग दोन्हीकडची माणसं ओढ्यात उतरली. पाणी घोट्याएवढं होतं. ते आधी गढूळ झालं आणि मग लाल. काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे, कुणाच्या हातात नुसता धोंडा. एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसलेली माणसं एकमेकांची तोंडं फोडत होती. एकाचा जबडा निखळून लोंबत होता आणि तो तसाच हसल्यासारखा फिरत होता. पोतराजाला कुणी पाडलं ते कळलं नाही, लोक त्याच्यावरून चालले. आणि सगळे देवीच्या नावानं चांगभलं म्हणत होते, दोन्ही बाजूंचे, एकाच देवीच्या नावानं.

भावानं गाड्याचं जू धरलं आणि एकट्यानं गाडा आमच्या काठाकडं उलटवला. तो वाकलेला असताना माझ्या नवऱ्यानं काठी घातली, मागून. पुढं चाळीस वर्षं मी त्या माणसाबरोबर संसार केला, भांडले, हसले, त्याची लेकरं वाढवली. पण मागून मारलं हे एक दिवस विसरले नाही.

भाऊ गुडघ्यावर आला. डोक्यातून रक्ताची चिळकांडी उडाली. मी पाण्यात कशी पोचले, मला आठवत नाही. उलटलेल्या गाड्याखालून लुगड्याचा हिरवा काठ दिसला. मी ते लुगडं ओढलं, दातांनी फाडलं, अर्ध्या भागाची पट्टी केली. वाळलेल्या खपल्या बोटांना चिकटल्या, त्या मी झटकल्या. हो, झटकल्या. पोरीला सोडून देवी उतरली होती, लुगड्याला निंबाचा वास होता, आणि ते देवीच्या आसनाखालचं होतं. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय असणार? घट्ट आवळून बांधलं. रक्त थांबलं.

भाऊ म्हणाला, "आक्के, पोरगी कशी हाय?"

"वाचली."

"मग झालं. तुज्या मालकाला सांग, काठी दोन हातानं धरत्यात."

त्याही स्थितीत मला हसू आलं.

माहेरानं लढाई जिंकली. गाडा, देवी, लिंबं, उरलेलं लुगडं, सगळं त्यांनी आमच्याच काठावर पेटवलं. शिवेपार काडीसुद्धा जाऊ दिली नाही. आणि भावाला खांद्यावर घेऊन नाचत गावात नेलं, डोक्याला ते हिरवं बांधलेलं. नंतर कळलं, चार दिवस त्यानं ते सोडू दिलं नाही. आईनं धुवायला मागितलं तर म्हणायचा, आक्कीनं बांधलेला फेटा हाय.

बारा दिवसांनी तो तापला.

तो टोचणारा पुन्हा आला, या खेपेला पोलीस शिपाई बरोबर घेऊन. आता पळायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. मी दंड पुढं केला. त्याच्या कपाळावर ताजा वण होता. त्यानं मला ओळखलं की नाही, कोण जाणे.

मी विचारलं, "दादा, लुगड्यातनं लागतं का हे?"

तो काम करता करता म्हणाला, "खपल्या असल्या तर लागतं. जखमेवर असलं तर बघायलाच नको. उकळून घ्यावं." आणि पुढच्या बाईचा दंड धरला.

मला माहेरी जायला बंदी होती. माहेरच्यांनी त्यांच्या काठानं आणि आमच्यांनी आमच्या काठानं काटे टाकले होते. मी रोज काट्यांपाशी जाऊन उभी राहायची. एके दिवशी सकाळी पलीकडं आई आली. डोक्यावर पदर नव्हता. तिला काही बोलायची गरजच नव्हती, तरी ती बोलली.

"गेला ग तो. त्वांड वळखू येत न्हवतं त्याचं."

मध्ये ओढा, दोन्ही काठांना काटे. मी तिला धरू शकत नव्हते. पाण्यावरून ओरडून बोलायचं होतं, त्यामुळं रडायलाही सवड नव्हती.

मग तिनं विचारलं, "लोक कायबाय बोलत्यात. तू बांदलं ते लुगडं कुटलं हुतं ग? पोरीच्या अंगाखालचं तर न्हवतं?"

मी म्हणाले, "न्हाई आई. माज्या पेटीतलं हुतं. धुतल्यालं."

आईनं मान हलवली. "मला ठावं हुतं. तू बांदलं म्हनून त्या दिशी रगत तरी थांबलं." मग म्हणाली, "त्याच्यावरचं तेच्यासंगं गेलं. तुज्याकडं दुसरं अर्दं असंल न्हवं? तेवडं धाड. उशाला ठिवीन."

दुसरं अर्धं आमच्या काठावर, माझ्या पायांपासून वीस पावलांवर, राख होऊन पडलं होतं.

मी घरी आले. पेटीत माझं लग्नातलं हिरवं लुगडं होतं. ते मधोमध फाडलं, तीनदा उकळलं आणि शेळ्या राखणाऱ्या म्हातारीबरोबर पाठवलं. आई पुढं एकवीस वर्षं जगली आणि तेवढी वर्षं ते उशाखाली घेऊन निजली. पुढं बंदी उठल्यावर माहेरी गेले की ती ते काढून माझ्या गालाला लावायची, म्हणायची, बघ, अजून त्याचा वास येतो. मी म्हणायची, येतो.